महागाईचा अंदाज आणि रिझर्व्ह बँकेचा व्याजदर : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यात सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करतो आणि गावोगाव अर्थसाक्षरतेचे वर्ग घेतो. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, म्हणजे व्याजदराचा निर्णय, जाहीर झालं की फोन सुरू होतात. रावेरकडचे केळीवाले, एमआयडीसीतले डाळमिलवाले, धुळ्याचे गृहकर्ज काढलेले शिक्षक, सगळे हप्त्यापासून सुरुवात करतात. बोलता बोलता गाडी एकाच ठिकाणी येते : भाव पुढे वाढतील की उतरतील? पतधोरण चालतं की फसतं, हे पुष्कळसं याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. त्या फोनवरचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

व्याजदर रिझर्व्ह बँक ठरवते. मग आम्हाला पुढे काय वाटतं याने काय फरक पडतो?

रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अगदी थोड्या मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते तो दर. पण घर बांधणारा माणूस वीस वर्षांचं कर्ज काढतो, जिनिंग टाकणारा सात-आठ वर्षांचं. आज दर किती आहे, यापेक्षा पुढच्या वर्षांत महागाई किती असेल, हा त्यांच्या हिशेबातला मोठा आकडा असतो.

समजा कर्ज ८ टक्क्यांनी मिळतंय. महागाई ३ टक्के राहील असं वाटणाऱ्याला, महागाई वजा जाता, खरा बोजा ५ टक्क्यांचा. महागाई ७ टक्के होईल असं धरून चालणाऱ्याला तेच कर्ज १ टक्क्याला पडतं, म्हणजे जवळजवळ फुकट. तो म्हणणार, आत्ताच घ्या, ट्रॅक्टर पुढच्या वर्षी महागच होणार आहे. कागदावरचा दर एकच, पण एक जण हात आखडतो आणि दुसरा खर्चाला धावतो.

यातून एक गोष्ट निघते, तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. लोकांचा महागाईचा अंदाज वर सरकला आणि रिझर्व्ह बँकेने दराला हात लावला नाही, तर धोरण आपोआप सैल होतं. बँकेने काहीही न करता पैसा स्वस्त होऊन बसतो. म्हणून अंदाज वाढला की बँकेला निदान तेवढा तरी दर वाढवावा लागतो, तेव्हा कुठे ती होती त्या जागी राहते.

म्हणजे लोकांना वाटलं म्हणून महागाई येते? हे जरा अतीच नाही का?

नुसतं वाटून येत नाही. वाटण्याचा करार झाला की येते. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिसतं.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. त्याचं साल, म्हणजे वर्षाची रक्कम, ठरतं तेव्हा शेतकरी आणि सालदार दोघंही पुढच्या बारा महिन्यांचा अंदाज बांधत असतात. उदाहरणासाठी धरू की मागचं साल १ लाख २० हजारांना ठरलं होतं. सालदार म्हणतो, तेल चढलं, गॅस चढला, पोरांच्या शाळेचा खर्च वाढला, अन् हे सगळं अजून वाढणार. १ लाख ३५ हजार द्या. शेतकऱ्यालाही मनातून तेच वाटत असतं, म्हणून थोडी घासाघीस करून तो मान्य करतो. ही झाली साडेबारा टक्क्यांची वाढ. आता पुढे वर्षभरात महागाई ४ टक्केच निघाली, तरी ठरलेलं साल बदलत नाही. दोघांच्या मनातली महागाई रकमेत उतरली आणि पुढच्या आखाजीपर्यंत पक्की झाली.

केळीचा किंवा कापसाचा भाव शेतकरी स्वतः ठरवत नाही, त्यामुळे हा वाढीव खर्च पुष्कळदा त्याच्याच अंगावर बसतो. ही आपल्या भागाची खरी दुखरी बाजू आहे आणि पतधोरणाच्या चर्चेत तिचा उल्लेखही होत नाही. मात्र ज्यांच्या हातात दर ठरवणं आहे, ते खर्च पुढे ढकलतात. ट्रकभाडं, हमाली, खाजगी शाळेची फी, दुकानाचं भाडं, ढाब्यावरची शेवभाजी, सगळीकडे ‘पुढच्या वर्षी महाग होणारच’ हे धरून आजचा दर ठरतो. तो दर बघून पुढचा माणूस आपला अंदाज आणखी वर नेतो. सुरुवात पावसाने किंवा पेट्रोलने केलेली असली, तरी नंतर महागाई अशा कराराकरारांतून पुढे चालत राहते.

रेपो दर वाढवला म्हणून टोमॅटो स्वस्त कसा होणार?

होत नाही. पाऊस पडला नाही, पीक गेलं, तर मुंबईत बसून कोणीही टोमॅटो उगवू शकत नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीपार गेला आणि किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर पोचली. तेव्हा रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरच ठेवला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये भाजीपाला वर्षभरात ४२ टक्क्यांहून जास्त महागला, महागाई ६.२१ टक्के झाली. तेव्हाही दर तोच राहिला.

कारण नवं पीक आलं की भाजी उतरते. बँकेची धास्ती वेगळी असते. भाजीमुळे लोकांनी ‘आता सगळंच महाग होणार’ असं धरलं आणि मजुरी, भाडं, फी त्या हिशेबाने वाढली, तर भाजी उतरल्यावरही ते वाढलेलेच राहतात. भाजीचा पहिला झटका रिझर्व्ह बँकेच्या हातात नाही, दुसरी लाट थोपवणं मात्र तिचं काम. दर चढा ठेवून ती सांगत असते की ही महागाई आम्ही कायमची होऊ देणार नाही. लोकांनी तो शब्द मानला तर दर फार वाढवावाच लागत नाही.

सरकार म्हणतं महागाई २-३ टक्के, माझ्या घरात ती ८-१० टक्के. आकडा खोटा आहे का?

आकडा खोटा नाही आणि तुमचा अनुभवही खोटा नाही. या प्रश्नावर वर्गात सर्वात जास्त वाद होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी सरासरीचं. किरकोळ महागाई मोजण्याच्या, २०१२ चे भाव आधार धरलेल्या मालिकेत अन्न आणि पेयांचा वाटा देशपातळीवर ४५.८६ टक्के होता. ग्रामीण भागासाठी ५४.१८ आणि शहरी भागासाठी ३६.२९. ज्या घराच्या खर्चात किराणा आणि भाजीचं प्रमाण याहून जास्त, त्याला भाववाढ सरासरीपेक्षा जास्त जाणवणार. ज्या घरात दवाखाना चालू आहे किंवा पुण्यात शिकणाऱ्या मुलाचं होस्टेल आहे, त्याचा हिशेब पुन्हा निराळा.

दुसरी गोष्ट, महागाई कमी झाली म्हणजे वस्तू स्वस्त झाली असं नाही. तेलाचा डबा एका वर्षात १,५०० वरून २,००० झाला आणि पुढच्या वर्षभर २,००० वरच राहिला, तर दुसऱ्या वर्षी तेलाची महागाई शून्य. आकडा शून्य, पण आपल्या डोक्यात अजून १,५०० चाच डबा असतो. लोक भावाच्या पातळीबद्दल तक्रार करतात, बँक भाववाढीच्या वेगाबद्दल बोलते. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि बोलणं जुळत नाही.

तिसरं, जे रोज घेतो तेच लक्षात राहतं. मिरची आणि कांद्याचा भाव आठवड्याच्या बाजारात कानावर पडतो. मोबाइलचा डेटा पूर्वीपेक्षा किती स्वस्त झाला, हे कोणी मोजत बसत नाही.

आमच्या मनात काय आहे हे रिझर्व्ह बँकेला कसं कळतं?

२००५ पासून ती कुटुंबांना थेट विचारते. सध्याची महागाई किती वाटते, तीन महिन्यांनी किती वाटेल, वर्षभराने किती. हे सर्वेक्षण मोठ्या शहरांमधल्या सुमारे सहा हजार कुटुंबांत साधारण दर दोन महिन्यांनी होतं. त्यात सातत्याने दिसतं की लोकांना वाटणारी महागाई अधिकृत आकड्यापेक्षा बरीच वर असते, आणि वर्षभरानंतरची त्याहूनही वर. म्हणून बँक त्या आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय, याकडे जास्त बघते.

महाराष्ट्रातून त्यात मुंबई आणि नागपूर आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की ही मोठी उणीव आहे. ग्राहकांचा विश्वास मोजणारं ग्रामीण आणि निमशहरी सर्वेक्षण बँकेने अलीकडे सुरू केलं आहे, ते चांगलंच आहे. पण सालदारकीचं साल, ऊसतोडीची उचल, मजुरांचा रोज, असे ज्या ठिकाणी अंदाजाचे प्रत्यक्ष करार होतात तिथे जाऊन विचारल्याशिवाय ग्रामीण भागाचं मन कळणार नाही.

४ टक्केच का? शून्य का नाही?

फेब्रुवारी २०१५ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँकेत करार झाला, २०१६ मध्ये कायदा बदलला आणि लक्ष्य ठरलं : ४ टक्के, खाली-वर २ टक्क्यांची सूट. २०२१ मध्ये तेच पुढे पाच वर्षांसाठी कायम केलं. शून्यावर बसलं तर जरा मंदी आली की भाव घसरू लागतात, आणि घसरणाऱ्या भावात कर्जदार बुडतो. फार वर गेलं तर ठेवीदार बुडतो. आकडा ३ हवा की ५, यावर तज्ज्ञ भांडत राहतील. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की आकडा जाहीर आहे. साल ठरवताना, भाडेकरार करताना दोन्ही बाजूंना धरता येईल असा एक समान आकडा समोर असतो.

बँकेने हा शब्द पाळला नाही तर?

लागोपाठ तीन तिमाह्या महागाई २ ते ६ च्या बाहेर राहिली, तर कायद्याने ते अपयश धरलं जातं. मग कारणं काय, उपाय काय, आणि किती काळात लक्ष्यावर परत येऊ, हे सरकारला लेखी कळवावं लागतं. २०२२ मध्ये असं घडलं. कोविडच्या काळात दर ४ टक्क्यांपर्यंत उतरवला होता, त्यात युक्रेन युद्ध आलं, एप्रिल २०२२ ला महागाई ७.७९ टक्के झाली. मे २०२२ मध्ये नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन दर वाढवायला सुरुवात झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अहवाल सरकारकडे गेला, पण लोकांसमोर आला नाही.

तो यायला हवा होता. ज्यांच्या विश्वासावर धोरण चालतं, त्यांना चूक कुठे झाली हे सांगितलं तर विश्वास वाढतो.

विश्वास गेला की काय होतं, याचं उदाहरण आहे का?

अमेरिकेत १९७० च्या दशकात महागाई वर्षानुवर्षं रेंगाळली. ती राहणारच, असं धरून कामगार पगार मागत होते आणि कंपन्या किमती लावत होत्या. १९७९ मध्ये पॉल व्होल्कर मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले, त्यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास जाऊ दिले. १९८२ मध्ये बेरोजगारी १० टक्क्यांवर गेली. महागाई शेवटी उतरली, पण गेलेला विश्वास परत मिळवण्याची किंमत नोकऱ्या गमावलेल्यांनी भरली.

उलटं उदाहरण तुर्कस्तानचं. महागाई चढत असताना तिथल्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०२१ पासून दर कमी करत नेले. लोकांनी देशी चलन सोडून डॉलर आणि सोन्याकडे धाव घेतली, लिरा कोसळली, ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाई ८५ टक्क्यांपुढे गेली. शेवटी मार्च २०२४ पर्यंत दर ५० टक्क्यांवर न्यावा लागला.

जळगावला सोनं एवढं घेतलं जातं. त्याचा पतधोरणाशी संबंध आहे?

फार जवळचा. जळगावच्या सराफ बाजाराची शुद्धतेसाठी ख्याती आहे, लग्नसराईत नाशिक-बुऱ्हाणपूरपासून लोक येतात. परंपरा, मुलीची सोय, अडीनडीला गहाण, ही सगळी कारणं खरी आहेत. त्यांच्या जोडीला एक हिशेबही असतो. मुदतठेवीवर ७ टक्के मिळतात आणि महागाई ८ टक्के होणार असं वाटतं, तर ठेव म्हणजे तोटा. मग माणूस पीक विकल्यावर बँकेत येण्याऐवजी थेट सराफाकडे जातो.

असा पैसा बँकेच्या व्याजदराच्या कक्षेबाहेर जातो. रिझर्व्ह बँकेने दर कितीही हलवला तरी तिजोरीतल्या पाटल्यांना तो लागू होत नाही. शिवाय सोनं बहुतेक आयात होतं, त्यामुळे डॉलर बाहेर जातात आणि रुपयावर ताण येतो. महागाई आटोक्यात राहील असा भरवसा वाटला, तर यातला काही पैसा ठेवींमध्ये येतो. सोनं घेऊ नका, असं मी कोणालाही सांगत नाही. पण सोन्याचा भाव आणि महागाई एकच समजू नका. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये किरकोळ महागाई ०.२५ टक्के होती.

पीककर्ज आम्हाला ठरलेल्या सवलतीच्या दराने मिळतं. मग रेपो दराने आमचं काय बिघडतं?

थेट फारसं काही नाही. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी, वेळेवर फेडलं तर केंद्राच्या सवलतीने ४ टक्क्यांनी, आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत धरली तर शून्य टक्क्यांनी पडतं. कृषी केंद्राची उधारी आणि सावकाराचं व्याज तर रेपो दराला ओळखतही नाही. त्यामुळे व्याजदराचा हात खान्देशच्या खेड्यापर्यंत आखूडच पोचतो.

नेमकं म्हणूनच इथे अंदाजाचं महत्त्व वाढतं. दर पोचत नाही तिथे बँकेचा शब्द तरी पोचायला हवा. पतधोरणाचं निवेदन मुख्यतः इंग्रजीत वाचलं जातं, संध्याकाळी बातम्यांत ‘हप्ता वाढला की घटला’ एवढंच उरतं. पुढच्या वर्षी महागाई किती धरली आहे आणि का, हे मराठीत, सोप्या वाक्यांत, आखाजीच्या आधी गावागावात गेलं, तर साल ठरवताना ते कामाला येईल. हे काम जिल्हा बँका आणि आकाशवाणी करू शकतात, आणि त्यांनी ते करायला हवं.

कापसाच्या भावाचा अंदाज चुकला तसा रिझर्व्ह बँकेचाही चुकतो का?

चुकतो. कापसाची गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला १० हजारांच्या वर गेला. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ६,०२५ होता. पुढच्या हंगामात अनेकांनी तोच भाव परत येईल असं धरून कापूस घरातच ठेवला. पुढची खोली छतापर्यंत भरलेली, घरातल्या बायापोरांच्या अंगाला खाज, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न, ‘कापूसना भाव वाढी का?’ २०२३ च्या उन्हाळ्यात तोच माल सात-साडेसात हजारांच्या आसपास विकावा लागला.

मागच्या वर्षी जे झालं तेच पुढे होईल, असं धरणं ही माणसाची साधी रीत आहे. तिला दोष देऊन उपयोग नाही, कारण हाताशी दुसरी माहिती नव्हती. सर्वसाधारण महागाईबाबत लोक हेच करतात, मागच्या वर्षीचा चटका पुढच्या वर्षाच्या हिशेबात धरतात. कापसाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो, त्याचं वचन कोणी देऊ शकत नाही. महागाईबाबत मात्र ४ टक्क्यांचं जाहीर लक्ष्य आहे, आणि ते सलग काही वर्षं पाळलं गेलं तरच लोक मागे बघण्याऐवजी त्या आकड्याकडे बघू लागतात.

नुसत्या बोलण्याने बाजार हलतो हे खरं आहे?

हो. जुलै २०१२ मध्ये युरोपच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख मारियो द्रागी यांनी युरो वाचवण्यासाठी लागेल ते करू असं जाहीर केलं, आणि इटली-स्पेनच्या कर्जरोख्यांवरचे चढलेले व्याजदर उतरू लागले. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी, म्हणजे कर्जरोखे विकत घेऊन बाजारात पैसा सोडणं, कमी करण्याचा नुसता इशारा दिला आणि आपला रुपया ऑगस्टपर्यंत डॉलरला ६८ च्या पुढे घसरला. आयात खाद्यतेल, डिझेल यांतून तो धक्का आपल्यापर्यंत आला.

भाव पडणारच, असं सगळ्यांना वाटलं तर चांगलंच ना?

ग्राहकाला चार दिवस बरं वाटतं. जपानमध्ये लोकांना वर्षानुवर्षं वाटत राहिलं की किमती वाढणारच नाहीत. पगार वाढेनात, कंपन्या गुंतवणूक करेनात. २०१३ मध्ये २ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं, २०१६ मध्ये व्याजदर शून्याखाली नेला, तो मार्च २०२४ मध्ये वर आला. खाली रुतलेला अंदाज वर काढणंही तितकंच अवघड असतं.

रेपो दर कमी झाला, माझा हप्ता का उतरला नाही?

कर्ज कशाला जोडलेलं आहे ते बघा. ऑक्टोबर २०१९ पासूनची व्यापारी बँकांची तरत्या दराची नवी गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात, तिथे बदल तीन महिन्यांत दिसायला हवा. जुनं कर्ज असेल तर बदलून मागा. पतसंस्थेच्या कर्जाला हा नियम नाही. पुष्कळदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते, तेव्हा कर्जखात्याचा उतारा काढून उरलेले हप्ते मोजा. मुदत कमी करून घेणं बहुतेकांच्या फायद्याचं असतं.

बँक अडचणीत असल्याची अफवा आली तर पैसे काढून घ्यावेत का?

सगळ्यांनी एकाच दिवशी काढले तर चांगली बँकही अडचणीत येते. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. हा फरक खान्देशात प्रत्येक ठेवीदाराला माहीत असायला हवा, कारण इथल्या अनेक घरांच्या ठेवी पतसंस्थांत अडकलेल्या आहेत.

पतधोरणाच्या दिवशी नेमकं काय बघावं?

रेपो दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीत सहा जण असतात, तिघं रिझर्व्ह बँकेचे आणि तिघं सरकारने नेमलेले. साधारण दर दोन महिन्यांनी बैठक होते, निर्णय सकाळी १० वाजता जाहीर होतो. रेपो दराबरोबर पुढच्या तिमाह्यांचा महागाईचा अंदाज बघा, आणि मागच्या वेळेपेक्षा तो वर नेला की खाली, तेही बघा. कोणी विरोधात मत दिलं असेल तर १४ दिवसांनी येणाऱ्या इतिवृत्तात त्याची कारणं मिळतात. प्रत्यक्ष महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास येतो. तो आणि बँकेने दिलेला अंदाज वहीत शेजारी शेजारी लिहा, आणि साल, भाडं किंवा मुदतठेव ठरवायची वेळ येईल तेव्हा ती वही उघडा.